दहा बाय दहाच्या खोलीतला इंजिनियर

एकेकाळी मुंबईत गाणं मिक्स करायचं तर ताडदेव, परळ किंवा वांद्रे गाठावं लागे. आता तेच काम डोंबिवलीतल्या वन-बीएचकेच्या आतल्या खोलीत होतं, आणि बऱ्याचदा बरं होतं. रीपरसारखं सॉफ्टवेअर ६० डॉलरच्या परवान्यात मिळतं. १९६७ साली बाजारात आलेल्या ११७६ या कॉम्प्रेसरची नक्कल एका क्लिकवर उघडते. घुमाऱ्यासाठी पूर्वी काही स्टुडिओंना वेगळी रिकामी खोली राखावी लागे. तो घुमारा आता यादीतून निवडायचा असतो. यात वाईट काहीच नाही. ज्याच्या बापाकडे स्टुडिओ नाही अशा पोराला या धंद्यात पाय ठेवता आला तो यामुळेच.

मात्र स्वस्त साधनांच्या पाठोपाठ एक समजूतही जोरात विकली जाते. सहा महिन्यांचा कोर्स, लॅपटॉप, हेडफोन आणि एक साउंड कार्ड, की झालात तुम्ही मिक्स इंजिनियर. जाहिरातीत अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली बसलेला तरुण असतो. तो एकटा असतो, हे त्या चित्रातलं सगळ्यात मोठं खोटं. दुसऱ्याच्या गाण्याबद्दल निवाडा करायचा आणि तो त्याला पटवून द्यायचा, ही या व्यवसायातली खरी दुर्मीळ गोष्ट पूर्वीही होती आणि आजही आहे. ती शिकण्याची जुनी जागा गेली. नवी जागा म्हणून बेडरूम दाखवली जाते आहे, आणि माझ्या मते ती चुकीची जागा आहे. ज्याला या कामावर पोट चालवायचं आहे त्याने आधी काही वर्षं माणसांच्या गर्दीत, जिथे चूक तत्क्षणी ऐकू येते अशा ठिकाणी आवाज सांभाळावा, आणि मग खोलीचं दार लावून घ्यावं.

मिक्सिंग हा प्रकार मिक्सरपेक्षा जुना आहे. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’ या गाण्याची गोष्ट लता मंगेशकरांनी स्वतः अनेकदा सांगितली. आवाज दुरून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं. तेव्हा माईक हॉलच्या मधोमध ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात चालत माईकपाशी आल्या. आज हेच काम लेव्हलची एक रेघ आणि थोडा रिव्हर्ब करतो. त्या काळात कोण कुठे बसतो यावरच बॅलन्स ठरे. ढोलक मागे, बासरी पुढे, व्हायोलिनवाले भिंतीकडे. एक वादक फूटभर सरकला तरी गाण्याचा तोल बदले. आणि एकदा टेक झाला की मागाहून काही निस्तरता येत नसे. म्हणून रेकॉर्डिस्टला गाणं होण्याआधीच डोक्यात ऐकावं लागे.

प्रभात फिल्म कंपनीचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या दामले-फत्तेलाल या जोडीतले विष्णुपंत दामले हे प्रभातचे ध्वनिमुद्रकही होते. बोलपट नवा होता, तंत्र शिकवणारं कुणी नव्हतं, यंत्र उघडून बघत शिकायचं. तरी त्यांना कुणी ‘टेक्निशियन’ म्हणून बाजूला बसवलं नाही. आवाज सांभाळणारा माणूस आणि गोष्ट सांगणारा माणूस एकच असू शकतो हे कोल्हापूर-पुण्याच्या त्या मंडळींना उपजत कळलं होतं. पुढे परळच्या राजकमल स्टुडिओमध्ये मंगेश देसाईंनी पुनर्ध्वनिमुद्रणात जे नाव कमावलं, तेही यंत्रावरच्या हुकमतीइतकंच दृश्य कळण्यामुळे.

हे लोक तयार कसे होत? बहुतेक जण मागच्या खुर्चीवर. असिस्टंट म्हणून लागायचं, केबल गुंडाळायच्या, माईक लावायचे-काढायचे, टेप बदलायची, चहा सांगायचा आणि तोंड बंद ठेवून बघायचं. लंडनमध्येही निराळं नव्हतं. जेफ एमरिक १९६२ साली सोळाव्या वर्षी ईएमआयमध्ये हरकाम्या असिस्टंट म्हणून लागला. १९६६ मध्ये, विशीत, बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चा इंजिनियर झाला आणि बेस ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबून माईक कंपनीच्या नियमापेक्षा जवळ नेला. नियम मोडला हे सगळे कौतुकाने सांगतात. त्याआधीची चार वर्षं तो ते नियम पाळणाऱ्यांच्या मागे बसला होता, हे सांगायचं राहून जातं.

आपल्याकडे हे समजायला गवयाच्या मागे तानपुरा घेऊन बसणारा शिष्य आठवावा. त्याला कुणी धडा देत नाही. पण तोच राग तो पुणे, धारवाड, इंदूर अशा निरनिराळ्या सभागृहांत, गळा बसलेला असताना, साथीदाराशी बिनसलेलं असताना, श्रोते कंटाळलेले असताना ऐकतो, आणि गुरू अडचणीतून कसा निघतो ते त्याच्यात मुरतं. स्टुडिओतल्या असिस्टंटचंही तसंच. इंजिनियर कोणता नॉब फिरवतो हे तो पहिल्या आठवड्यात शिके. कोणता फिरवत नाही, गायिका रडकुंडीला आली की ‘टॉकबॅक’वर काय बोलतो, निर्माता ‘मजा नाही आली’ म्हणाला की त्याचा अर्थ काय लावतो, हे शिकायला वर्षं लागत.

नव्वदच्या दशकात ही व्यवस्था ओसरली. सिंथेसायझर आणि संगणक आले, पन्नास-साठ वादक एका हॉलमध्ये बसवून रेकॉर्डिंग करणं महाग आणि अनावश्यक झालं, वादक एकेकटे येऊन आपापला ट्रॅक देऊन जाऊ लागले. उलटा प्रवास इतका पूर्ण झाला की २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुलना सिंफनी ऑर्केस्ट्रा हवा होता तेव्हा ते रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं. मोठे हॉल ओस पडले म्हणून हळहळणारे खूप भेटतात. त्या हॉलच्या कोपऱ्यातल्या असिस्टंटच्या खुर्चीबद्दल कुणी हळहळत नाही. आज अंधेरीत अजूनही चांगले स्टुडिओ आहेत, त्यांत असिस्टंटही असतात, पण दरवर्षी कोर्स करून बाहेर पडणाऱ्यांच्या मानाने त्या जागा मूठभर. उरलेले सगळे घरी.

आता घरी काय होतं ते जरा जवळून बघू. दहा बाय दहाची खोली घ्या. आपल्याकडची सगळ्यात सर्रास खोली. दहा फूट म्हणजे तीन मीटरहून किंचित जास्त. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. या दोन आकड्यांतून असं निघतं की ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर या खोलीत दोन भिंतींमध्ये बरोबर अर्धी लाट म्हणून अडकतो. भिंतीपाशी तो फुगतो, खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. खोली चौरस असली की लांबी आणि रुंदी दोन्हीकडून हाच प्रकार, आणि छतही तितकंच उंच असलं तर मग विचारायलाच नको. नेमक्या याच पट्ट्यात किक ड्रमचं वजन असतं. पोराने टेबल भिंतीला लावलेलं असतं, खुर्ची मागे सरकत सरकत खोलीच्या मध्याशी आलेली असते. त्याला खालचा आवाज कमी ऐकू येतो, म्हणून तो वाढवतो. गाणं मित्राच्या गाडीत वाजतं तेव्हा दरवाजे थरथरतात. तो घरी येऊन बेस कापतो. मग मोबाइलवर गाणं पोकळ वाटतं. असं महिनोन् महिने चालतं आणि आपला कान कच्चा आहे असा त्याचा समज होतो. कान ठीक असतो, खोली खोटं बोलत असते.

मग तो ऑनलाइन फोम मागवतो. भिंतीवर काळे त्रिकोण चिकटवले की फोटो छान येतो. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते. दोन इंची फोमला तिचा पत्ताही लागत नाही. फोम वरचे स्वर शोषतो, म्हणजे खालचं गाऱ्हाणं तसंच राहून खोली वर उगाच मंद होते. कोपऱ्यांत जाड रॉकवूल, खुर्ची मध्यावरून हलवून पुढच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, आणि पडताळणीला एक बरा हेडफोन, एवढ्याने निम्मं दुखणं कमी होतं. हे ज्ञान गुप्त नाही, पुस्तकांत आहे. पण आपण जे ऐकतोय ते खरं नाही हा संशय मुळात यायला दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाबरोबर तेच गाणं ऐकावं लागतं. एकट्याला तो संशय येत नाही.

जुने इंजिनियर तरी कुठे आदर्श स्पीकरवर काम करत? यामाहाचे पांढऱ्या कोनचे एनएस-१० हे १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून आले आणि घरगुती बाजारात फारसे चालले नाहीत. स्टुडिओंनी ते उचलले आणि २००१ मध्ये बंद होईपर्यंत जगभरच्या कन्सोलवर ते बसलेले असत, कुणी कुणी तर त्यांच्या ट्वीटरवर टिश्यू पेपर लावून. ते कर्कश होते. पण कसे कर्कश आहेत हे वापरणाऱ्याला पाठ होतं.

खोली सुटली तरी निवाडा उरतोच. समजा एका अभंगाच्या फायली आल्या आहेत. गायक, पेटी, पखवाज आणि टाळकरी, सगळे एकाच हॉलमध्ये एकदम रेकॉर्ड केलेले. गायकाच्या माईकमध्ये टाळ शिरलेले असणारच. टाळांचा झणत्कार तीन हजार हर्ट्झच्या वर पसरतो, आणि शब्द ज्या व्यंजनांवर कळतो त्यातली बरीचशी तिथेच राहतात. नवशिका आवाज एकसारखा यावा म्हणून कॉम्प्रेसर लावतो. कॉम्प्रेसरने उंच जागा दाबल्या, एकूण पातळी वर उचलली, की गायक श्वास घेतो त्या फटीतून टाळ उसळून वर येतात. ते कमी करायला तो वरचा पट्टा कापतो. टाळ थोडेच कमी होतात, ‘स’ आणि ‘श’ मात्र पुसट होऊन गायकाच्या तोंडात कापूस कोंबल्यासारखं वाटतं. शब्द वर यावेत म्हणून पेटी खाली घेतो. पेटी गेली की आधार गेला, आणि आतापर्यंत सुरेल वाटणारा गायक एकदम उघडा पडतो. शेवटी सगळ्यावर रिव्हर्ब ओततो आणि फाइलला ‘फायनल’ नाव देतो.

जाणता माणूस काय करेल? तो आधी टाळांचा स्वतंत्र माईक जवळजवळ बंद करून बघेल, कारण गायकाच्या माईकमधून आलेले टाळ पुरेसे आहेत आणि त्यांना त्या हॉलचं अंतरही आहे. आवाज कॉम्प्रेसरवर न सोपवता ओळ न् ओळ हाताने वर-खाली करेल. पेटीला हात लावण्याआधी पेटीवाल्याचा डावा-उजवा हात कुठे आहे ते ऐकेल. पण सगळ्यात आधी तो फोन करेल आणि विचारेल, ‘बुवा, हे कुणासाठी आहे?’ दिंडीत चालणाऱ्यांसाठी असेल तर टाळ पुढेच हवेत. ते मागे टाकले तर तो अभंग त्यांना परका वाटेल. शहरातल्या हेडफोनवाल्यासाठी असेल तर शब्द. दोन्ही मिक्स बरोबर आहेत. त्यातला कोणता करायचा हे कोणताही प्लगिन सांगत नाही आणि कोर्समध्येही शिकवत नाहीत, कारण सरावाला दिलेल्या फायलींच्या पलीकडे कुणी बुवा नसतो.

म्हणून मला नाटकाचा आणि कीर्तनाचा रस्ता अधिक खरा वाटतो. आपल्याकडे व्यावसायिक नाटक जिवंत आहे ही महाराष्ट्रातल्या पोराला मिळालेली केवढी सवलत, हे त्याला कुणी सांगत नाही. आज दादरचं शिवाजी मंदिर, उद्या ठाण्याचं गडकरी रंगायतन, परवा पुण्याचं बालगंधर्व. प्रत्येक थिएटरचा घुमारा वेगळा, स्पीकर वेगळे, आणि माईक लावायला मिळणारा वेळ नेहमी कमीच. नट पाठमोरा झाला, कुजबुजला, दुसऱ्या अंकात दमला, तरी शेवटच्या रांगेतल्या आजींना वाक्य कळलं पाहिजे. संगीताचा तुकडा अर्धा सेकंद उशिरा आला तर हशा मरतो, लवकर आला तर वाक्य मरतं. नाइटचे पैसे फार नाहीत. पण समोर बसलेल्या लोकांच्या खोकण्यावरून आणि कुजबुजीवरून बॅलन्स चुकलाय हे ओळखायला शिकणं, याची फी कोणत्याही संस्थेला भरून मिळत नाही.

कीर्तनात आणि भजनाच्या कार्यक्रमात वेगळी शाळा. माईक शिट्टी मारायला लागला की कोणता पट्टा खाली घ्यायचा हे दोन सेकंदांत ठरवावं लागतं, आणि शंभरदा ठरवल्यावर अडीच हजार हर्ट्झ आणि चार हजार हर्ट्झ यांतला फरक कानाला तोंडपाठ होतो. घरी याच गोष्टीसाठी लोक ‘इअर ट्रेनिंग’चे ॲप विकत घेतात. शूटिंगवर बूम धरायला गेलात तर कॉलर माईकला कांजीवरम कशी घासते आणि मागून जाणारी रिक्षा संवादातला कोणता शब्द खाते हे कळतं. २००१ च्या ‘लगान’मध्ये संवाद सेटवरच मुद्रित करण्याचा आग्रह धरला गेला आणि ध्वनीसाठी नकुल कामटे व एच. श्रीधर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हापासून हे काम दुय्यम समजण्याचं कारण उरलेलं नाही. आणखी एक खिडकी गेल्या काही वर्षांत उघडली आहे. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं ते मराठीही घेऊन आलं. बोलती पुस्तकं करताना एकाच माणसाचा आवाज तासन् तास ऐकावा लागतो, श्वास कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा हे ठरवावं लागतं. कंटाळवाणं काम. पण मराठी वाक्य कुठे श्वास घेतं हे ज्याला कळलं, त्याच्या हाताखाली गायकाचे शब्द कधी बुडत नाहीत.

एक ताकीद मात्र द्यायला हवी. गर्दीत शिकायचं म्हणजे मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे उभं राहायचं असं नव्हे. ८५ डेसिबलला आठ तास ही कानासाठी सुरक्षित मानली जाणारी मर्यादा. पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. सरकारी नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल म्हणतो, आणि विसर्जनाच्या दिवशी तो कोण पाळतो हे पुणेकरांना विचारावं. ज्याचं पोट कानावर चालणार आहे त्याने तिथे कानात बोळे घालावेत आणि कुणी हसलं तर हसू द्यावं.

याला एक ठरलेला प्रतिवाद आहे. बेडरूममधून ग्रॅमी मिळालीच की! बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम तिच्या भावाने, फिनियसने, लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरातल्या छोट्या खोलीत तयार केला आणि २०२० मध्ये ग्रॅमी पुरस्कारांची रास घरी नेली. हे अक्षरशः खरं आहे. फक्त तो अल्बम मिक्स केला रॉब किनेल्स्की या अनुभवी इंजिनियरने आणि मास्टर केला जॉन ग्रीनहॅमने. म्हणजे बेडरूमचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरणसुद्धा मिक्सिंगच्या वेळी बेडरूमच्या बाहेर पडलं. गाणं रचणं, सुचणं, गाणं हे खोलीत एकट्याने होऊ शकतं, कदाचित तिथेच उत्तम होतं. मिक्सिंग म्हणजे दुसऱ्या माणसाने ऐकणं, आणि फिनियससारख्या गुणी मुलालाही तो दुसरा लागला.

संस्थांबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. पुण्याच्या एफटीआयआयचा ध्वनीचा अभ्यासक्रम, तोही प्रभातच्याच आवारात, तीन वर्षं चालतो. तिथल्या विद्यार्थ्याला दिग्दर्शनाच्या, छायाचित्रणाच्या, संकलनाच्या मुलांबरोबर भांडत काम करावं लागतं. रसूल पुकुट्टी तिथूनच बाहेर पडले आणि २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्कर घेऊन आले. तिथे मोलाचं आहे ते भांडण. पुण्यामुंबईत जागोजागी निघालेल्या, लाखांत फी घेणाऱ्या अल्पकालीन वर्गांकडे नेमकं तेच नसतं. तिथे सॉफ्टवेअर शिकवतात, जे आता फुकटातही शिकता येतं. वर प्रमाणपत्र देतात, जे स्टुडिओत कुणी मागत नाही. मागतात ते एवढंच, ‘काय केलंयस ते ऐकव.’

मग काम यायला लागतं आणि कळतं की निम्मं काम बोलण्याचं आहे. पार्टी म्हणते, ‘दादा, आपलं गाणं त्या दुसऱ्या गाण्यापेक्षा बारीक वाटतंय, वाढवा ना.’ स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्स या सरासरी पातळीला आणून वाजवतं. म्हणजे ठासून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं, आणि ठासताना गेलेला ढोलकीचा टणत्कार काही परत येत नाही. हे व्याख्यान पार्टीला देऊन उपयोग नसतो. दोन्ही गाणी समान पातळीला आणून शेजारी शेजारी वाजवावीत, वाद बराचसा मिटतो. तरीही नाही मिटला तर वाढवून द्यावं. गाणं त्यांचं आहे. इथे कलावंताचा अहंकार आड आला की पुढचा फोन येत नाही.

यंत्राच्या भीतीबद्दल थोडक्यात. आपोआप मास्टरिंग करून देणारी लँडर ही सेवा २०१४ पासून आहे. जॉन लेननचा जुन्या कॅसेटवरचा आवाज पियानोपासून वेगळा काढून बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ २०२३ मध्ये निघालं, ते यंत्रशिक्षणाच्या जोरावर. सरासरी गाण्याला सरासरी तोल देण्याचं काम यंत्र करणार, आताही करतं. याचा पहिला फटका बसेल तो घरी बसून स्वस्तात मिक्स करून देणाऱ्यांना, म्हणजे जाहिरातीतल्या त्याच निळ्या दिव्याच्या पोराला. गडकरी रंगायतनमधला नट पाठमोरा झाला की काय करायचं, हे ठरवायला मात्र माणूस लागेल. माझा मुद्दा त्यामुळे पातळ होत नाही, उलट घट्ट होतो.

आता पैशाचं. मराठी गाण्याच्या मिक्सिंगला मिळतं ते एकरकमी. मालिकांचं बिल नव्वद दिवसांनी निघेल असं सांगितलं जातं आणि ते नव्वद पुढे सरकतात, म्हणून निम्मे पैसे आगाऊ आणि किती वेळा दुरुस्ती करून देणार हे लेखी, एवढं पहिल्या दिवसापासून सवयीचं करावं. पण खरी मेख कॉपीराइट कायद्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना त्यांच्या वाट्याच्या रॉयल्टीचा असा हक्क दिला की तो त्यांनी लिहून दिला तरी जात नाही. कलाकार म्हणून गायक-वादकांचाही रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. ध्वनिमुद्रणाचा ‘लेखक’ मात्र कायद्याच्या व्याख्येनुसार त्याचा निर्माता. प्रकाशनानंतर ६० वर्षं ते गाणं कमावत राहील, आणि त्याचा तोल सांभाळणाऱ्याचा त्यात एक पैसाही नाही. मला हे अन्याय्य वाटतं. संघटनेने कधीतरी ही लढाई लढायला हवी. पण तोवर, ज्याला या धंद्यात पेन्शनसारखं काही मिळेल अशी आशा आहे त्याने स्वतः संगीत रचावं, अरेंज करावं किंवा निर्मितीत हिस्सा घ्यावा. नुसत्या मिक्सिंगवर म्हातारपण निभत नाही.

उरतं ते नाव. ‘आएगा आनेवाला’ची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा कुठे लताबाईंचं नाव लोकांपुढे आलं. इंजिनियरसाठी अशी पत्रं कुणी लिहिणार नाही. १९५५ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, ५६ गाणी झाली, कवी गदिमा आणि संगीतकार बाबूजी घराघरात पोचले. फेडरवर कोण बसलं होतं हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलं? आता निदान स्ट्रीमिंगच्या ॲपवर गाण्याचं श्रेय उघडून बघता येतं, आणि नवे संगीतकार ते बघून फोन करतात. तेव्हा करारात पैशाच्या आकड्याखाली एक ओळ वाढवून घ्यावी: मिक्सिंग अमुक, मास्टरिंग तमुक, नावाच्या अचूक स्पेलिंगसह. गाणं अपलोड होण्याआधी त्या रकान्यात काय भरलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यावं. नंतर दुरुस्ती करून मागितली तर कंपनीतला माणूस ‘करतो, करतो’ म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात त्याने नोकरी बदललेली असते.